नारपोलीतली हळदवेल

माझी रोपवाटिका हाय टेन्शनच्या तारांखाली आहे. भिवंडीत, शेलारच्या पुढे, दोन गोदामांच्या मधल्या पट्ट्यात. सासऱ्यांनी जमीन गोदामवाल्यांना दिली तेव्हा हा पट्टा तेवढा कोणी घेतला नाही, कारण तारांखाली बांधकाम करता येत नाही. आणि जिथे काहीच उभं करता येत नाही, ती जागा सुनेला धंद्यासाठी द्यायला कोणत्याच घरात हरकत नसते. सासरे म्हणाले, "कर तुला कराचा ता." सासूबाई म्हणाल्या, "झारांना करंट लागंल."

करंट लागला नाही. दमट हवेत तारा गुणगुणतात आणि नवीन गिऱ्हाईक वर बघत बघत मागे सरकतं, एवढंच. आता धंदा मुलगी आणि जावई बघतात. मी खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढते, म्हणजे निवृत्त झाले असं म्हणायला हरकत नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "झाडांशी तुमचा जो संवाद होतो त्यावर लिहा." मी झाडांशी बोलत नाही. झाडंही माझ्याशी बोलत नाहीत, आणि हे आमचं चांगलं चाललंय. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलले, आणि झाड मेलं की ती फार बोलतात.

बाहेरच्यांना वाटतं रोपवाटिकेत आम्ही बियाणं पेरतो, कोंब फुटतात, आमच्या डोळ्यांत पाणी येतं. निम्मा माल आंध्रातून ट्रकने येतो. उतरवला की आठवडाभर सावलीत ठेवायचा, पिवळी पानं खुडायची, पिशवीला माती थापायची आणि "घरचं रोप आहे" म्हणून द्यायचं. लोक रोप घेत नाहीत, उमललेलं फूल घेतात. खाली काय आहे ते बघत नाहीत. घरी नेतात, टीव्हीच्या बाजूला ठेवतात, ते मरतं, मग परत येतात. सगळ्यांची झाडं जगली असती तर आम्ही कधीच बंद पडलो असतो. हे वाक्य मुलगी छापू नको म्हणाली होती.

नावांचं तर विचारूच नका. मधुमालती म्हणून जी लाल-गुलाबी झुपक्यांची वेल सगळीकडे विकली जाते, तिला कोणी माधवीही म्हणतं. खरी माधवी वेगळी. आणि आमच्याकडे हळदवेल म्हणतात तीही वेगळी, असं मी समजत होते. खरी माधवी आणि हळदवेल एकच, हे मला फार उशिरा कळलं. आणि ते कळायला कारण झाले जमील शेठ.

जमील शेठचा नारपोलीत लूमचा कारखाना. मोठा नाही, पत्र्याची शेड, आत लूम, वर पोटमाळ्यावर सुताच्या कोनांची पोती, आणि मागे लागून घर. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "ताई, दीवार पे चढाने का कुछ दो. ऐसा दो जो मरे नहीं."

मी मधुमालती दिली. मधुमालती मारणं तसं सोपं काम नाही. शेठनी ते पावसाळ्याच्या आत करून दाखवलं.

एक दिवस रिक्षातून उतरले, हातात कुंडी, कुंडीत वाळकी काडी. माझ्या टेबलावर ती हळूच ठेवली आणि डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "मय्यत लाया हूँ."

त्यानंतर पिवळी घंटा दिली. मय्यत आली. लसूणवेल दिली. मय्यत आली. कागदी फुलांची बोगनवेल दिली, जी रस्त्याच्या दुभाजकावर ट्रकचा धूर पिऊन वाढते. तिचीही आली. प्रत्येक वेळी शेठ मेलेलं रोप कुंडीसकट परत आणायचे. परत द्यायला किंवा भांडायला नाही, फक्त दाखवायला. माझा नवरा यशवंत तेव्हा लूमचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, टेम्पोतून पोचवायचा. तो म्हणाला, "अगं रंजे, या मानसाला कॅक्टस दे नाय तं पिलास्टिकचा दे."

मी प्लास्टिकचं सुचवून पाहिलं. शेठ एवढे दुखावले की चहासुद्धा न घेता गेले.

लूमच्या शेडपाशी झाड जगवणं अवघड असतं हे खरं. आत दिवसभर सूत विणलं जातं, त्याची बारीक रुई हवेत उडते आणि सगळ्यावर बसते. भिंतीवर, पंख्यावर, कामगारांच्या भुवयांवर. पानांवर तिचा थर चढला की पान गुदमरतं. त्यात पत्र्याची धग. मला तोच दोष वाटत होता. म्हणून मी विचार करायला लागले, की अशी कुठली वेल आहे जी पिठासारखा धुरळा अंगावर घेऊन जगते?

आणि मला आजोळ आठवलं.

माझं आजोळ दिघाशीचं. मामाच्या जमिनीला लागून एक टेकडी होती, तिच्या पोटाला दगडाची खाण आणि खडी फोडायचा क्रशर. टेकडीवरचं सगळं पांढरं. साग पांढरे, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या, म्हशी पांढऱ्या. त्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जाडजूड वेल होती, मांडीएवढ्या बुंध्याची, दोन झाडांना वेढून वर गेलेली. मामा तिच्या कोवळ्या फांद्यांनी लाकडाच्या मोळ्या बांधायचा. थंडी सरता सरता तिला पांढरी फुलं यायची, झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्यांची, एका पाकळीवर हळदीचा डाग. म्हणून हळदवेल. वास असा की क्रशरच्या डिझेलवर मात करायचा. लहानपणी आम्ही तिची तीन पंखांची बी वर फेकायचो आणि ती भिरभिरत खाली यायची.

बागेत ही वेल कोणी लावत नाही, त्यालाही कारण आहे. बी फार दिवस टिकत नाही, नुसती फांदी खोचली तर मुळं धरत नाही, आणि पहिली काही वर्षं ती नुसती बसून राहते. एकदा उठली की मग बसत नाही. चिवट एवढी की दुष्काळ, धूळ, कोयता, काही मानत नाही. असा माल रोपवाटिकेत परवडत नाही. गिऱ्हाइकाला आज लावून उद्या सेल्फी पाहिजे असतो.

मी दिघाशीला गेले. टेकडी होती तिच्या निम्मी उरली होती. हळदवेल होती, पण आजूबाजूला पूर्वी तिच्या चार-दोन बहिणी होत्या त्या गेल्या होत्या. ही एकटी खाणीच्या काठावर लटकत होती. जमीन आता मामेभाऊ बाळारामकडे, खाणीतही त्याचा वाटा होता.

"बाला, या वेलीला गुटी बांधू का?" मी विचारलं.

गुटी म्हणजे सोपं काम. पेन्सिलीएवढी फांदी घ्यायची, तिच्या सालीचं कडं काढायचं, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळी. पावसाळाभर ठेवलं की आत मुळं फुटतात. मग खालून कापून लावायची. फांदीला वाटत असतं आपण अजून आईलाच धरून आहोत, तोवर तिचं स्वतःचं घर झालेलं असतं.

बाळारामने हे सगळं ऐकलं. तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"ताय, खरा सांग. यान काय हाय?"

"काय म्हणजे? फुलं येतात."

"फुलांसाठी कोन डोंगर चरतं? औषीद हाय ना?"

"नाही रे बाबा. एका शेठला भिंतीवर लावायची आहे."

"शेठला?" बाळारामचे डोळे बारीक झाले. "नारपोलीचा शेठ? मंग औषीदच."

त्याला समजावून मी थकले. शेवटी तो म्हणाला, "बांध. आपलीच हाय ती." मी शेवाळाच्या पुडक्या बांधून आले. मग पावसाळ्यात अधूनमधून जायची, प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात का बघायची. टेकडीवर चिखलात चढणारी, वेलीला पांढऱ्या पुडक्या बांधणारी, त्या दाबून बघून गप्प परत जाणारी बाई गावाने बघितली. गाव काय करणार? गावाने विचार केला.

मला बातमी यशवंतने आणली. बीम पोचवायला दिघाशीच्या एकाबरोबर गेला होता. "अगं, तुजी वेल म्हनं गुरघेदुखीवं चालतं. सगला गाव मुल्या कारतंय."

मी तशीच टेम्पोत बसून निघाले. पोचले तोवर जिथे वेल उभी होती तिथे खड्डा होता. मांडीएवढा बुंधा कोणीतरी कुऱ्हाडीने तोडला होता आणि मूळ जेवढं खणता येईल तेवढं खणून नेलं होतं. खाणीच्या सुरुंगांनी जे इतकी वर्षं केलं नाही, ते गुडघ्यांनी आठवड्याभरात केलं.

बाळाराम खाली मान घालून उभा होता.

"तू पण नेलंस का?"

"आयेसाठी थोरासा."

"मग? गुडघे काय म्हणतात मामीचे?"

"गुरघं तसंच हान," तो म्हणाला. "पन जुलाब थांबं ना."

सबंध आळीला जुलाब लागले होते. शेतात जागा मिळेनाशी झाली होती म्हणे. एरवी मी तिथेच बसून हसले असते. पण खड्ड्यातल्या मुळाचं तुटकं पांढरं टोक बघून मला हसू येईना. आपण या वेलीकडे आलो नसतो तर ती अजून असती, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. बाळारामवर रागावायचं तरी कशावरून? त्याची टेकडी. त्याची आई. तिचे गुडघे.

"फांद्या कुठे टाकल्या?" मी विचारलं.

तोडलेल्या फांद्या कोणीतरी भाजीच्या वाफ्याभोवती कुंपण म्हणून रचल्या होत्या. मी आणि बाळाराम त्या ढिगात शिरलो. माझ्या पुडक्या तशाच बांधलेल्या होत्या. बऱ्याच सुकल्या होत्या. काही गुरांनी तुडवल्या होत्या. मी एकेक दाबून बघत होते, बाळाराम कोयत्याने वाट करत होता. ढिगाच्या अगदी खाली, ओल्या बाजूला, दोन पुडक्या सापडल्या ज्यांच्या प्लास्टिकला आतून पांढरी मुळं टेकली होती. बाळारामने फांदी दोन्ही हातांनी अशी धरली, जसं बाळंतिणीला धरतात, आणि मी खालून कापलं.

निघताना तो म्हणाला, "ताय, मना वाटला तू लपवतंस. खरा सांगतंस असा वाटलाच न्हाय." धंद्यात इतकी वर्षं मी आंध्राची रोपं घरची म्हणून दिली होती. लोकांना माझ्या सत्याची सवय नव्हती.

दोन्ही रोपं मी सावलीत ठेवली. त्यातलं एक यशवंतने मारलं. त्याला माझं वाईट वाटत होतं, म्हणून येता-जाता तो त्याला पाणी घालायचा. टेम्पो घेऊन निघताना पाणी, जेवायला आला की पाणी, जेवून निघाला की पाणी. मुळं कुजून गेली. मी रागावले तर म्हणाला, "मना काय म्हाईत, त्याला तहान न्हाय?" नवऱ्याने प्रेमाने मारलेलं झाड आमच्या धंद्यात रोजच येतं. फक्त ते दुसऱ्यांच्या घरून येतं.

उरलं एक. आणि ते माझ्याकडे ठेवता येत नव्हतं. तारांखाली उंच काही वाढू द्यायचं नाही असा नियम आहे. पावसाळ्याआधी वीजवाले येतात आणि डोक्याच्या वर गेलेलं सगळं छाटून जातात. हळदवेल उठली की झाडाच्या शेंड्याला जाते. तिथून तारेला हात घातला असता तर शेलारसकट सगळं अंधारात.

एका फार्महाउसवाल्याने मागितली होती. पांढरे बूट घालून आला होता. "रेअर आहे ना? मग बोर्ड लावू. लॅटिन नाव काय?" वेल त्याला दाखवली तर म्हणाला, "हीच का? जरा शोभेची नाही का मिळणार?" तो पाम घेऊन गेला. पाम त्याला शोभला.

मग मी जमील शेठना फोन केला. ते आले, रोप बघितलं. मी सगळी हकीकत सांगितली; टेकडी, कुंपण, जुलाब. जुलाबांना हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. दोन पावलं मागे सरले.

"ये आखिरी है?"

"मला माहीत आहे तेवढ्यात तरी हीच."

"तो मेरे को मत दो, ताई. मेरे हाथ से मरती है. सब मरती है." आणि खरोखर रिक्षात बसून निघून गेले.

सगळ्या धंद्यात मला एवढं प्रामाणिक गिऱ्हाईक भेटलं नाही. गिऱ्हाइकाने नको म्हटलं की आम्ही त्याच्या मागे जात नाही. पण दुसऱ्या दिवशी मी रोप मांडीवर घेऊन यशवंतच्या टेम्पोतून नारपोलीला गेले. तोवर मी शेठची भिंत कधी पाहिलीच नव्हती. इतकी रोपं दिली, ती कुठे लागतात हे बघायला गेले नाही. रोपवाटिकावाले जात नाहीत.

शेडच्या आत खटखटखटखट, कानात बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. मागे गेल्यावर जरा शांत. तिथे शेडचा पत्र्याचा पाखा, म्हणजे बाजूची उभी भिंत, गंजलेला, आणि त्याच्या अगदी समोर, दोन हात अंतरावर, घराची खिडकी. खिडकीत पलंग. पलंगावर शेठच्या पत्नी, सायरा भाभी. कंबरेच्या ऑपरेशननंतर त्या फारशा उठू शकत नव्हत्या. त्या खिडकीतून त्यांना एकच गोष्ट दिसायची: गंजका पत्रा.

म्हणून मय्यती. शेठनी मला हे एकदाही सांगितलं नव्हतं.

"आप पौधेवाली?" भाभींनी आतूनच विचारलं. "वो मधुमालती भी आपने दी थी?"

"हो, भाभी. काय झालं होतं तिला?"

"चाय पिला के मार डाला."

"काय?"

"इनसे पूछो."

शेठ शेडच्या दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की चहाचा चोथा झाडाला चांगला. म्हणून रोज सकाळी कामगारांच्या चहाचं उरलेलं पातेलं, दूध-साखर-आल्यासकट, गरमागरम, कुंडीत. वर थोडं बिस्किट. दुधाने माती आंबायची, मुंग्या यायच्या, मुळं सडायची. रुईने, धगीने कुणाला मारलं नव्हतं. शेठ प्रत्येक झाडाला सकाळचा चहा पाजत होते, कारण घरी आलेल्याला चहा द्यायचाच असतो.

मी इतकं हसले की भाभीही हसायला लागल्या, आणि त्यांना हसताना कंबर धरावी लागली. "मैं तो पहले दिन से चिल्ला रही हूँ," त्या म्हणाल्या. "लेकिन लूम के आगे मेरी कौन सुनता है?"

"तर मग मला टेकडीवर जायचीच गरज नव्हती," मी म्हटलं. ते हसू तिथेच थांबलं. पत्र्याला मधुमालतीसुद्धा चालली असती. टेकडीवर हळदवेल उभी राहिली असती, काठावर लटकत का होईना. पण आता एकच रोप उरलं होतं आणि ते माझ्या हातात होतं.

"लगाओ," भाभी म्हणाल्या. "और इनको हाथ मत लगाने देना."

आम्ही पत्र्याच्या पायथ्याशी खड्डा घेतला. शेठनी हात मागे बांधून बघितलं. पाणी घालायचं काम एका वयस्क कामगाराला दिलं, आणि त्याच्यावर खिडकीतून भाभींची नजर.

मग काहीच झालं नाही.

पहिलं वर्ष काही नाही. दुसऱ्या वर्षी तांबूस कोवळी पानं आली, लोंबली, हिरवी झाली, बस. शेठ महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचे, नुसती तक्रार करायला. "ताई, आपकी बेल अजीब है. ना मरती है ना बढ़ती है. मैं तो मरने का आदी हूँ, ये क्या है?" मी सांगायची, खाली मुळं चालली आहेत. "नीचे कौन देखेगा?" ते विचारायचे. भाभी मात्र फोनवर खुशाली कळवायच्या. आज एक पान. आज त्या पानाला किड्याने खाल्लं. आज किडा पकडला.

आणि मग ती उठली. सबंध पाखा झाकला, छपरावर गेली, पाइपला वेढे घातले, शेजारच्याच्या टाकीत डोकावली. एका उन्हाळ्यात शेठ ओरडतच आले. हातात कापड. आमच्या भिवंडीत जे साधं कोरं, न रंगवलेलं कापड विणतात, त्याचा तुकडा. त्यात मधोमध एक हिरवं पान विणलेलं. आडव्या-उभ्या सुतात नीट बसलेलं, देठासकट.

हळदवेलीचा शेंडा झरोक्यातून आत शिरला होता आणि कोपऱ्यातल्या लूमवर उतरला होता. लूमला काय कळतं? त्याने विणून टाकला. पुढे अजून दोन पानं, मग शेंडा. व्यापाऱ्याने सबंध ताका, कापडाची अख्खी गुंडाळी, परत पाठवला होता.

"काटो इसको!" शेठ म्हणाले. "आज ही काटो! मैं कपड़ा बनाता हूँ, सलाद नहीं!"

मी कात्री घेऊन गेले. भाभी आता काठी धरून खिडकीशी उभ्या राहायच्या. त्यांनी कात्री बघितली.

"क्या काट रही हो?"

"शेंडा, भाभी. लूममध्ये जातो."

"तो लूम सरका लो."

"सायरा, लूम कैसे सरकेगा? जमीन में बोल्ट है!"

"बेल को भी जमीन में ही लगाया है," भाभी म्हणाल्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी वर, छपराकडे बघितलं. नवरा-बायकोच्या मध्ये उभं राहायचं नाही, हा धंद्याचा नियम आहे. शेवटी झरोक्याला जाळी लागली आणि लूम तसाच राहिला. भाभींनी मात्र तो पानाचा तुकडा शेठकडून मागून घेतला आणि त्याची उशीची खोळ शिवली. पान काही दिवसांत वाळून चुरा झालं. सुतात त्याची जागा राहिली.

फुलं आली ती माघात. शेठचा फोन सकाळी आला.

"ताई, आ जाओ."

"काय झालं? मेली?"

"नहीं. बस आ जाओ."

मी गेले. गल्लीच्या तोंडापासून वास. नारपोलीच्या त्या गल्लीला मशीनचं तेल, गटार आणि तळलेल्या भज्यांचा वास असतो, आणि तो मला माहीत आहे. त्या सगळ्याच्या वर हा वास बसला होता. शेडच्या मागे कामगार उभे होते, बनियनवर, भुवयांवर रुई. आतले लूम चालू होते, म्हणजे कोणीतरी शिफ्ट सोडून आलं होतं, आणि शेठ कोणाला रागावत नव्हते. पाखा सगळा पांढरा. कातरलेल्या झालरींचे घोस, एका पाकळीवर हळद. रुई त्यांच्यावरही बसली होती, पण पांढऱ्यावर पांढरी रुई दिसत नाही.

मी भाभींना खिडकीतून विचारलं, "कशी वाटली?"

त्यांनी पाखा वरपासून खालपर्यंत बघितला. "अच्छी है," त्या म्हणाल्या. "लेकिन अब दीवार नहीं दिखती. पहले पता चलता था बारिश में कौन सा पत्रा चू रहा है."

शेठना हे मनाला लागलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "देखो, इतने साल में एक बार तारीफ नहीं की." मी म्हटलं, "अच्छी है म्हणाल्या की." ते पुन्हा आत जाऊन भाभींना विचारून आले की नक्की काय म्हणाली होतीस.

त्याला आता काही वर्षं झाली. दिघाशीची ती टेकडी पुरती संपली आहे. खाण खोल जाऊन पाण्याने भरली आणि बंद पडली. मामी गेली, गुडघ्यांसकट. बाळारामने त्या काठावर लावायला एक रोप मागितलं, मी गुटी करून दिली, पण शेळ्यांनी खाल्ली. दुसरी दिली आहे. ही जगेल असं तो म्हणतो. त्या मूळ वेलीच्या जागी आता हवा आहे, आणि हवेत काही लावता येत नाही. चहाचं पातेलं मी आधी जाऊन बघितलं असतं तर, हे मी अजून मनात म्हणते. मग फोन येतो, कोणाचं तरी मोगऱ्याचं रोप वाकलंय, आणि म्हणायचं राहतं.

शेठचे निम्मे लूम बंद झाले. धंदा पूर्वीचा राहिला नाही, त्यांचा मुलगा त्या अर्ध्या शेडमध्ये पार्सलं ठेवायला जागा देतो. रिकामा वेळ झाल्यावर शेठ माझ्याकडून गुटी बांधायला शिकले. आता दर पावसाळ्यात तेच बांधतात, भाभी खिडकीतून सांगतात कुठली फांदी. लोक नारपोलीला वेल बघायला येतात आणि रोप घेऊन जातात. माझ्याकडे येऊन विचारतात, "ती शेठकडची वेल तुमच्याकडे मिळते का?" मी म्हणते, नाही मिळत, तिकडेच जा.

यंदा मीही गेले होते, मदतीला. मी शिडीवर, सुतळी दातांत. खाली ठाण्याहून आलेलं एक जोडपं, आणि त्यांना शेठ ही वेल कशी मिळाली ते सांगत होते. दिघाशीच्या डोंगरावर ते स्वतः चढले होते. पाऊस कोसळत होता. एका बाजूला खाण, एका बाजूला कुऱ्हाडी घेतलेलं गाव. शेठनी वेलीला मिठी मारली आणि म्हणाले, पहले मुझे काटो. जोडपं तोंडं उघडी ठेवून ऐकत होतं. खिडकीत भाभी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

शेठचं लक्ष वर गेलं. मी शिडीवर आहे हे ते विसरले होते. ते एकदम थांबले, कानापर्यंत लाल झाले, आणि डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

मी दातांतली सुतळी काढली.

"शेठ," मी म्हटलं, "चढताना तुमची चप्पल तुटली होती, ते सांगायचं राहिलं."

"हाँ!" शेठ त्या जोडप्याकडे वळले. "चप्पल भी टूटी थी! नंगे पाँव चढ़ा मैं!"

मी गाठ बांधली आणि पुढची फांदी घेतली.